झुडपी, शिंजीर आणि पायातली कडी

गेल्या शनिवारी लेख टाकला नाही म्हणून दोघातिघांनी विचारणा केली. होळीला गावी गेलो होतो, आणि डोकं फिरवून घेऊन परत आलो. त्यामुळे ठरवलेला डेटाबेसवरचा लेख आज नाही. म्हणजे थोडासा आहे, पण आडवळणाने. सांभाळून घ्या.

मामांचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्यात. गावामागे नाला आणि नाल्यापलीकडे एक पट्टा. लहानपणी आम्ही बोरं खायला तिथेच पडीक असायचो. बोर, करवंद, धायटी, मुरडशेंग आणि पुन्हापुन्हा तोडल्यामुळे कमरेएवढाच राहिलेला पळस. उंच झाड म्हणावं असं फार काही नाही. पण होळीच्या सुमारास धायटीच्या फांद्या लाल नळ्यांनी भरून जायच्या आणि त्यावर जांभळे शिंजीर नुसते धुमाकूळ घालायचे. शिंजीर म्हणजे तो अंगठ्याएवढा, वाकड्या चोचीचा, उन्हात निळा-जांभळा चमकणारा पक्षी. त्याला सूर्यपक्षीही म्हणतात. मामा त्याला 'फुलं चोखणारी काळी चिमणी' म्हणतात, आणि मला विचाराल तर तेच नाव जास्त नेमकं आहे.

यंदा नाला ओलांडला तर समोर खड्डे. दोरी लावून आखलेल्या रांगांत खड्डे, एक रंगवलेला फलक, आणि कडेला उपटलेल्या धायटीचा ढीग. ढिगातल्या फांद्यांवर फुलं अजून लाल होती.

"मामा, हे काय?"

"काय म्हंजे? झाडं लावून राह्यले बाबू. झुडपी होती, काढली. कोणत्यातरी प्रकल्पाच्या बदल्यातली हाय म्हंते."

कुणी लावली, कुठल्या प्रकल्पाच्या बदल्यात, हे मी इथे लिहिणार नाही. एका खात्यावर राग काढून भागणार नाही, कारण हा विचार एका खात्याचा नाहीच. जिथे झुडपं आहेत तिथे 'काही नाही', आणि जिथे रांगेत झाडं आहेत तिथे 'जंगल', असं आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात बसलेलं आहे. माझं भांडण त्याच्याशी आहे.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. 'झुडपी जंगल' हा नुसता शब्द नाही, ती जमिनीची सरकारी जात आहे. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरात खुरटी झुडपं असलेल्या, नांगराला नालायक जमिनीसमोर हे लिहिलं जायचं. गावाची गुरं तिथे चरायची, सरपण तिथून यायचं. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत, ही जमीन पसरलेली आहे. त्यातली ८६,४०९ हेक्टर 'वन म्हणून सांभाळायला अयोग्य' आहे असं राज्य सरकारने ठरवलं होतं आणि ती मोकळी करून हवी होती. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की झुडपी जंगल हे जंगलच आहे. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्यांना तिथे घरं, शेतं, शाळा दिल्या गेल्या त्यांना वाचवलं, आणि ते योग्यच झालं. चाळीस वर्षं राहणाऱ्या माणसाला कागद दाखवून कोण उठवणार? पण त्याच निकालात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्यांच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

एक म्हणजे, पर्यायी वनीकरणासाठी झुडपी जमीन वापरू नका. दुसरी जमीन नाहीच, असा दाखला मुख्य सचिवांनी दिला तरच वापरा, आणि मग दुप्पट क्षेत्रावर करा. दुसरी म्हणजे, जंगलाला लागून नसलेले तीन हेक्टरांहून लहान तुकडे 'संरक्षित वन' म्हणून जाहीर करा.

पहिल्या गोष्टीतली पळवाट तुमच्या लक्षात आली असेलच. दाखला मिळाला की झुडपी उपटायची मोकळीक, आणि तीही दुप्पट! दुसरी गोष्ट मात्र मला फार आवडली, कारण तिच्यामुळे एक खरा प्रश्न उभा राहतो. तीन हेक्टरांचा तुकडा, चहूकडे धानाची शेतं. असा तुकडा जिवंत असतो का? त्यातल्या धायटीचा पराग पुढच्या तुकड्यातल्या धायटीपर्यंत पोचतो का? पोचत असेल तर हे सगळे तुकडे मिळून एक जंगल आहे. पोचत नसेल तर ती संरक्षित वनं नव्हेत, वृद्धाश्रम आहेत. आहे ती झुडपं म्हातारी होऊन मरतील आणि नवी येणार नाहीत.

याचं उत्तर उपग्रहाच्या चित्रात मिळत नाही. आपल्याकडे जंगल मोजतात ते वरून, पानांच्या छपराने. छपराची दाटी दहा टक्क्यांहून कमी असली की त्याला 'खुरटं जंगल' म्हणायचं आणि वनांच्या बेरजेत धरायचं नाही. आमच्या धंद्यात याला साधा नियम आहे. तुमच्या तक्त्यात ज्या गोष्टीसाठी रकानाच नाही, ती गोष्ट तुमच्या अहवालात शून्य दिसते. दोष गोष्टीत नसतो, तक्त्यात असतो.

आता डेटाबेसकडे येतो. (आलो की नाही?)

ज्यांनी कधी काळी स्वतःची वेबसाइट चालवली आहे त्यांना हिट काउंटर आठवत असेल. पानाच्या तळाशी आकडा फिरायचा, दहा हजार, वीस हजार, आणि आपण खूश. मग कुणीतरी सांगायचं की बाबा रे, यातले निम्मे हिट तुझेच आहेत, तूच पान उघडून बघतोस. हिट्स वेगळे आणि वेगवेगळी माणसं किती आली ते वेगळं. पक्ष्यांनी फुलांना दिलेल्या भेटींचंही तसंच. धायटीच्या झुडपाशी तासभर बसलात आणि शिंजिराच्या साठ भेटी मोजल्यात. छान. पण साठ शिंजीर एकेकदा आले, की एकच दांडगट नर ते झुडूप आपल्या बापाचं समजून साठदा आला आणि बाकीच्यांना हाकलत राहिला? झुडपाच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या बाबतीत दूरचा पराग येतो. दुसऱ्यात त्याच झुडपाचा पराग त्याच झुडपावर फिरत राहतो, आणि अनेक वनस्पतींना स्वतःचा पराग चालत नाही किंवा नीट चालत नाही. आणि मौज म्हणजे दुर्बिणीतून दोन नर शिंजीर ओळखून वेगळे काढणं अशक्य. सारखेच काळे, सारखेच चिडके.

म्हणून कडी. पक्ष्याच्या पायात घालायची अॅल्युमिनियमची हलकी कडी आणि तिच्यावर एक क्रमांक, जो दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. डेनमार्कमध्ये मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने १८९९ मध्ये मैनेच्या जातीतल्या पक्ष्यांना अशा कड्या घातल्या, तेव्हापासून हे शास्त्र सुरू आहे. काम दिसतं तेवढं सोपं नाही. पहाटे झुडपांमध्ये केसासारख्या बारीक धाग्याचं जाळं उभं करायचं, थोड्याथोड्या वेळाने जाऊन बघायचं, अडकलेला पक्षी शिकलेल्या हातानेच सोडवायचा, कापडी पिशवीत ठेवायचा, वजन करायचं, पंख मोजायचा, कडी घालायची आणि सोडून द्यायचं. क्रमांकाच्या कडीबरोबर रंगीत प्लास्टिकच्या कड्या घातल्या तर पुढच्या वेळी पकडायचीही गरज नाही. 'डावा पाय लाल-पिवळा' एवढं दुर्बिणीतून दिसलं की पुरे.

परागीकरणासाठी यात एक छोटीशी भर घालतात आणि तिथेच खरी गंमत आहे. पक्षी हातात असतानाच त्याच्या कपाळावर, चोचीच्या मुळाशी चिकटपट्टीचा तुकडा हलकेच टेकवायचा. त्यावर पराग येतात. सूक्ष्मदर्शकाखाली पळसाचा पराग वेगळा दिसतो, बांडगुळाचा वेगळा. म्हणजे कोण, कुठे, कधी आणि कुणाचा पराग घेऊन, हे चार रकाने एका फटक्यात भरतात. इतका स्वच्छ डेटा मला नोकरीत कधी मिळालेला नाही.

'फुलावर बसला म्हणजे परागीकरण झालं' असं समजणाऱ्यांसाठी पळसाचं उदाहरण. टंडन, शिवन्ना आणि मोहन राम या शास्त्रज्ञांनी पळसाचा अभ्यास केला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पळसाच्या फुलांवर सात जातींचे पक्षी येत होते. कामाचा निघाला एकच, जांभळा शिंजीर. त्याच्या जोडीला खार. बाकीचे सगळे मध पिऊन हात हलवत जाणारे. म्हणजे पळसावर पाखरांची जत्रा दिसते, तिच्यातला टपाल पोचवणारा पक्षी एकच. तो एक कमी झाला तर जत्रा तशीच दिसेल, आणि शेंगा मात्र धरणार नाहीत.

हे होऊ शकतं का? झालेलं आहे. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर एक रानझुडूप आहे. त्याचं परागीकरण करणारे पक्षी मुख्य बेटावरून जवळजवळ नाहीसे झाले, आसपासच्या छोट्या बेटांवर मात्र टिकले. २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात दोन्हीकडची तुलना होती. मुख्य बेटावर दर फुलामागे बी ८४ टक्क्यांनी कमी, आणि नवी रोपं ५५ टक्क्यांनी कमी. जुनी झुडपं मात्र उभीच होती. वरून फोटो काढला असता तर सगळं हिरवंगार दिसलं असतं.

आपल्याकडे हा विषय नवा आहे असंही नाही. सालिम अलींनी १९३२ मध्येच भारतातल्या फुलांवर येणाऱ्या पक्ष्यांबद्दल आणि पक्ष्यांवर अवलंबून असलेल्या फुलांबद्दल बीएनएचएसच्या जर्नलमध्ये मोठा लेख लिहिला. पण कड्या पुढे गेल्या दुसऱ्याच दिशेने. १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बीएनएचएसने मोठा कडी-प्रकल्प चालवला, कारण प्रश्न होता रोगांचा: स्थलांतरित पक्षी गोचिड्यांबरोबर विषाणू आणतात का? मग भरतपूर, कोडिक्कराई अशी केंद्रं नावारूपाला आली. बदकं, पाणपक्षी, किनाऱ्यावरचे पक्षी. उत्तम काम, त्याला नाव ठेवायची माझी लायकी नाही. पण आपला सगळा कौतुकाचा ओघ 'कोण किती लांब गेला' याच प्रश्नाकडे राहिला. आजही तेच. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरहून पांढऱ्या पुठ्ठ्याची दहा गिधाडं ताडोबात आणली, त्यांच्या पाठीवर जीपीएस होतं. त्यातलं एक उडत उडत तमिळनाडूपर्यंत गेलं, तेव्हा पेपरात नकाशे छापून आले. मीसुद्धा कौतुकाने ऑफिसात दाखवत फिरलो.

शिंजिराच्या पाठीवर जीपीएस बसत नाही. उपकरणाचं वजन पक्ष्याच्या तीन ते पाच टक्क्यांहून जास्त नको, असा ढोबळ नियम आहे. शिंजीर आठ ग्रॅमचा धरा, म्हणजे पाव ते पाऊण नव्हे, पाव ते जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या आत सगळं बसायला हवं. त्याच्यासाठी आजही शंभर वर्षांपूर्वीचीच युक्ती आहे, कडी. आणि तो नाला ओलांडून पलीकडच्या तुकड्यात गेला तर पेपरात नकाशा येणार नाही. पण आमच्या झुडपीच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न त्या नाल्यावरच आहे.

अजून एक गोष्ट कडीशिवाय कळणार नाही. मुरडशेंग फुलते पावसाळ्यात. बांडगूळ थंडीत फुललेलं दिसतं. पळस आणि धायटी होळीच्या आगेमागे. म्हणजे मधाची पाळी एका झुडपाकडून दुसऱ्याकडे जाते. ऑगस्टमध्ये मुरडशेंगेवर असलेला शिंजीर आणि मार्चमध्ये शेताच्या बांधावरच्या पळसावर असलेला शिंजीर, हा तोच आहे का? तोच असेल, तर झुडपी उपटून तुम्ही बांधावरच्या पळसाच्या पोटावरही पाय दिलात. माझा अंदाज आहे की तोच असावा. पण अंदाजावर झुडपी वाचत नाही आणि अंदाजावर ती उपटूही नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता आक्षेप. घरीच तीन ऐकले.

धाकटा भाऊ माझ्याच धंद्यातला. म्हणाला, दादा, कॅमेरे लाव, एआय ओळखेल. तू सॉफ्टवेअरवाला असून जाळी काय घेऊन बसलास? त्याला सांगितलं, २०२० मध्ये एक अभ्यास आला, लहान पक्षी एकेकटे ओळखायला संगणकाला शिकवलं होतं, आणि जमलंही होतं. पण शिकवण्यासाठी प्रत्येक फोटो कुठल्या पक्ष्याचा हे आधी कसं कळलं? पक्ष्यांच्या पायात चिप घातली होती! थोडक्यात, कडी चुकत नाही. एआय हे कडीचं पुढचं पाऊल आहे, तिला पर्याय नाही.

वहिनीचा आक्षेप जास्त खरा होता: जाळ्यात पक्षी मरत नाहीत का? मरतात. कमी मरतात, पण मरतात. अमेरिकेतल्या साडेतीन लाखांच्या आसपास पकडींचा हिशेब २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हजारात दोन-अडीच पक्षी दगावलेले होते. तेही शिकलेल्या हातांकडून. म्हणून हे हौशी लोकांचं काम नाही. वन्यजीव कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, ती लागलीच पाहिजे, आणि फोटोसाठी पक्षी हातात धरून उभं राहणाऱ्याला पहिल्या दिवशी घरी पाठवलं पाहिजे. पण हजारात दोन म्हणून हळहळणाऱ्यांनी नाल्यापलीकडचा तो ढीगही बघावा. एका दिवसात जेसीबीने किती घरटी गेली, त्याचा हिशेब कुणी ठेवला?

तिसरा आक्षेप मामांचा आणि त्याच्यापुढे मी गप्प झालो.

"तुले पुण्यात बसून गोड लागते बाबू. झुडपीत वाघ बसते. मागच्या साली बाजूच्या गावातली बाई गेली सरपणाले, परत नाही आली. लोकं म्हंतेत, काढा झुडपी एकदाची."

याला उत्तर देण्याआधी शहरातल्या पक्षीप्रेमींनी (त्यात मी आलोच) जरा थांबावं. चंद्रपुरात वाघाची भीती ही चर्चेची गोष्ट नाही, रोजची आहे. घरालगतची, पाणवाटेवरची, शाळेच्या रस्त्यालगतची झुडपं छाटून नजर मोकळी केली तर माझी काही हरकत नाही, उलट ते व्हायलाच हवं. पण मामांनाच विचारलं, की तिथे आता सागवान लावलं, पुढची दहा वर्षं तेही माणसाच्या उंचीचंच राहणार, खाली रायमुनिया माजणार (म्हणजे घाणेरी, आमच्याकडचं नाव), मग वाघ त्याच्यात बसणार नाही का? मामा हसले. "बसन न. त्याले काय सागवान न काय झुडपी."

मग ते धायटीकडे वळले. त्यांच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, धायटीची फुलं गोळा करून व्यापाऱ्याला विकलेली आहेत. आसवं-अरिष्टं आंबवायला आयुर्वेदात हीच फुलं घालतात. मुरडशेंग तर घराघरात, बाळगुटीत उगाळतात. आणि मुरडशेंगेची शेंग धरायची तर फुलावर कुणीतरी यायला हवं. हे मामांना मी सांगायची गरज पडली नाही. ते म्हणाले, "काळी चिमणी नाही आली त शेंग कायले लागन?" विद्यापीठात ज्याला गृहीतक म्हणतात ते यांच्याकडे आहे. नाही ती फक्त कडी.

म्हणून माझी मागणी साधी आहे. झुडपीवर वनीकरणाचा दाखला देण्याआधी त्या जागेवर निदान एक पूर्ण वर्ष, मुरडशेंगेपासून धायटीपर्यंत, कड्या घालून नोंदी व्हाव्यात. जाळी लावणारे हात बाहेरूनच आणायला हवेत असं नाही. बीएनएचएसच्या कामात परंपरागत पारध्यांनी वर्षानुवर्षं पक्षी पकडून दिले, सगळ्यांत नाजूक हात त्यांचेच होते. गडचिरोलीत लेखा-मेंढाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये अठराशे हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्यानंतर किती ग्रामसभांनी बांबूचा, तेंदूपानाचा हिशेब स्वतः ठेवून दाखवला. जी पोरं तेंदूच्या पुड्यांचा हिशेब चोख ठेवतात ती कडीचे क्रमांक ठेवू शकत नाहीत? आठवी पास पोरगा चार महिन्यांत सफाईने शिकेल, पदवी लागत नाही. लागतात ती चांगली नजर, पहाटे उठायची सवय आणि वाघ कुठे आहे याची अक्कल. तिन्ही गोष्टी माझ्याकडे नाहीत, म्हणून मी नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर तेवढं फुकट लिहून देईन. तक्त्याचा आराखडा येतानाच्या रेल्वेत करून ठेवलाय. पहिला रकाना कडीचा क्रमांक.

कदाचित वर्षभराने निघेल की शिंजीर नाला ओलांडतच नाही, सगळं काम मधमाश्याच करतात. निघू दे. मग तसा अहवाल लिहू आणि मी इथेच माझं चुकलं असं लिहीन. पण ते कडी घातल्यानंतर, खड्डे खणल्यानंतर नव्हे.

निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा नाल्यापलीकडे गेलो. पट्ट्याचा उत्तरेकडचा कोपरा अजून शिल्लक आहे, एकरभर असेल. एक नर तिथल्या धायटीवर होता आणि दुसऱ्याला हाकलत होता. हाकललेला नाल्याच्या दिशेने उडाला. मी डोळ्यांवर हात धरून बघत राहिलो, पण उन्हात तो कुठे गेला ते कळलं नाही. पाचेक मिनिटांनी त्या दिशेने एक नर परत आला. तोच की दुसरा, हे मामांनी मला विचारलं.